सांध्याचा पैसा : मानखुर्दमधल्या एका बाळंतपणाचा हिशेब

तिच्या बाळंतपणावर आमच्या संस्थेचे ८,५१० रुपये खर्च झाले. त्यातले २,४०० रुपये कोणत्या शीर्षाखाली दाखवायचे, यावर आमचा आणि देणगीदार कंपनीचा चार महिने पत्रव्यवहार चालला. उरलेल्या ६,११० रुपयांबद्दल कुणी एक प्रश्न विचारला नाही. हे प्रकरण मी लिहायला घेतलं ते त्या २,४०० रुपयांमुळे.

मी मानखुर्दमध्ये एका छोट्या संस्थेचं गरोदर बायकांसाठीचं काम पाहते. या प्रकरणातली बाई ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि तिचं नाव लिहिलेलं नाही. हे सगळं लिहायला तिची संमती आहे. लिहिलेलं तिला वाचूनही दाखवलं.

ती आणि तिचं घर

वय २६, दुसरं बाळंतपण. राहायला लल्लूभाई कंपाउंडमध्ये चौथ्या मजल्यावर. रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांसाठी हलवलेल्या झोपडपट्ट्यांमधली हजारो कुटुंबं इथल्या पाच-पाच मजली इमारतींत आणून बसवली आहेत. नवरा नाका कामगार, सकाळी नाक्यावर उभं राहायचं आणि मिळेल त्या बिगारी कामाला जायचं. ती चेंबूरला तीन घरी कामाला जाते, सात ते एक. तिन्ही घरांचे मिळून महिन्याला नऊ हजार. सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्या जिना उतरत नाहीत. मुलगा चार वर्षांचा.

हा सगळा भाग महापालिकेच्या एम-पूर्व विभागात येतो. २००९च्या मुंबई मानव विकास अहवालात हाच विभाग शहरात सगळ्यांत खाली होता. देवनारचं डम्पिंग, गोवंडी, शिवाजीनगर, मानखुर्द हे सगळं त्यात आलं. इथे दवाखानेच नाहीत असं म्हणता येणार नाही. हेल्थ पोस्ट म्हणजे वस्तीतलं महापालिकेचं छोटं आरोग्य केंद्र आहे, दवाखाना आहे, प्रसूतिगृह आहे, गोवंडीला महापालिकेचं मोठं रुग्णालय आहे, आणि रिक्षाच्या टप्प्यात शीवपर्यंत जाता येतं. त्या सगळ्यांच्या मध्ये जे अंतर आहे ते नकाशात दिसत नाही.

ती आमच्याकडे आली ती ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात. अंगणवाडीच्या ताईंनी आमच्या कार्यकर्तीला सांगितलं, की चौथ्या मजल्यावरच्या बाईला पाचवा सरलाय आणि तिने बाळंतपणासाठी कुठेच नाव घातलेलं नाही. बावीस आठवडे झाले होते. नाव का घातलं नाही, तर तिला गावी जायचं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, परभणी जिल्ह्यात झालं होतं, सिझर करून. या वेळीही सातव्या महिन्यात जायचं ठरलं होतं. पण तिचे आई-वडील ऊसतोडीला जातात. दसरा झाला की टोळी निघते, ती मार्चशिवाय परत येत नाही. मागच्या खेपेला दिवस पावसाळ्यात भरले होते, घरात आई होती. या वेळी फेब्रुवारीत घराला कुलूप असणार होतं. हे तिला जूनमध्येही ठाऊक होतं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, “ठाऊक होतं ताई, पण मनाला वाटतंच ना, आई थांबेल म्हणून.”

बावीस आठवड्यांवर काय दिसलं

आधीचं सिझर, तेही कागदाविना. हिमोग्लोबिन ७.४. रक्तदाब तेव्हा ठीक. वजन ४६ किलो. सोनोग्राफी एकही नाही.

सरकारी मोजमापात सातच्या खाली तीव्र रक्तक्षय आणि सात ते ९.९ मध्यम. म्हणजे कागदावर ती ‘मध्यम’ होती. पण जिचं आधी सिझर झालंय आणि पुन्हा सिझर होण्याची शक्यता आहे, तिच्यासाठी ७.४ हा आकडा मध्यम राहत नाही. ऑपरेशनच्या टेबलावर नेहमीइतकंच रक्त गेलं तरी तिच्याकडे शिल्लक काही उरत नाही. रक्त कमी असणं ही आपल्याकडे इतकी सवयीची गोष्ट झाली आहे, की तिचा धक्काच बसत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय आढळला.

सोनोग्राफीची वेगळीच कथा. सरकारी ठिकाणी तिला डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातली तारीख मिळाली. बाळाच्या अवयवांची तपासणी खरं तर अठरा ते वीस आठवड्यांत व्हायला हवी, ती वेळ गेलीच होती. पण आधीचं सिझर असलेल्या बाईची वार (प्लासेंटा) कुठे बसली आहे, जुन्या टाक्यांवर तर नाही ना, हे कळायला डिसेंबरपर्यंत थांबणं धोक्याचं होतं. आम्ही खासगी केंद्रात १,२०० रुपये भरले. वार वरच्या बाजूला होती. त्या दिवशी मला पहिल्यांदा जरा झोप लागली.

इथे आमची एक चूक नोंदवते. पहिल्या सिझरचे कागद गावाहून मागवायला आम्हाला तीन आठवडे लागले, कारण पहिल्या भेटीत आम्ही ते मागितलेच नाहीत. छेद कसा होता, रक्त चढवलं होतं का, बीपी वाढलं होतं का, हे सगळं त्या एका डिस्चार्ज कार्डवर होतं. शेवटी तिच्या चुलतभावाने ट्रंकेतून काढून मोबाइलवर फोटो पाठवला. त्यात शेवटच्या आठवड्यात बीपी वाढल्याची नोंद होती. हे आधी कळलं असतं, तर पहिल्याच दिवसापासून तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं असतं.

‘रुग्ण सहकार्य करत नाही’

लोहाच्या गोळ्या तिला मिळाल्या होत्या. तिने आठ दिवस घेतल्या, मळमळायला लागलं, सोडल्या. पाकिटं गादीखाली होती. डॉक्टरांनी शिरेतून लोह द्यायचं ठरवलं, आणि ते बरोबरच होतं. २०१८च्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमातही उशिरा लक्षात आलेल्या किंवा गोळ्या नियमित घेणार नाही अशा गरोदर बाईसाठी हाच मार्ग सांगितला आहे. इंजेक्शन फुकट होतं. एकूण पाच, एक दिवसाआड.

ती एकदा गेली. दुसऱ्यांदा गेली नाही. तिसऱ्यांदाही नाही. केसपेपरवर लिहिलं गेलं : रुग्ण सहकार्य करत नाही.

आता त्या पाच फुकट इंजेक्शनांचा हिशेब तिच्या बाजूने मांडते. केसपेपर काढायची खिडकी सकाळी. ती सकाळी चेंबूरला भांडी घासत असते. एक खाडा म्हणजे तीनशे रुपये गेले. पाच खाड्यांचे दीड हजार, आणि पाचव्या खाड्यानंतर काम राहीलच याची खात्री नाही. जाण्यायेण्याचे पैसे वेगळे. मुलाला रुग्णालयात न्यायचं तर रांगेत तो सांभाळणार कोण? आणि घरी ठेवायचं तर ज्या सासूबाई जिना उतरू शकत नाहीत, त्यांच्या भरवशावर चार वर्षांचं पोर ठेवायचं. तिने मला एका वाक्यात सांगितलं, “ताई, इंजेक्शन फुकट आहे, पण ते घ्यायला जायचे पैसे लागतात.”

आमच्या कार्यकर्तीने, जिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते, हे सगळं समजून घेतलं आणि चेंबूरच्या एका धर्मादाय रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांशी बोलली. त्यांनी उरलेलं लोह दुसऱ्या प्रकारच्या औषधातून, देखरेखीखाली, एकाच बैठकीत द्यायचं ठरवलं. त्या कुप्या २,९०० रुपयांना पडल्या. एक खाडा. शेजारच्या बाईला मुलगा सांभाळायला पन्नास रुपये.

अंदाजपत्रक तयार करणाऱ्याला इथे एका बाजूला शून्य रुपयांचं इंजेक्शन दिसतं आणि दुसऱ्या बाजूला २,९०० रुपयांचं. तो शून्याचं निवडणार. त्याच्या कागदावर तिच्या खाड्याला रकानाच नाही. मी इतकी वर्षं प्रस्ताव लिहिले, पण हा रकाना मीही कधी घातला नव्हता, हे मान्य करते. जानेवारीच्या मध्यावर तिचं हिमोग्लोबिन १०.१ होतं.

कोण कशाचे पैसे देतं

गरोदर बाईसाठी पैसाच नाही, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालते. पैसा आहे, आणि तो बऱ्याच ठिकाणांहून येतो.

२०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. सरकारी संस्थेत बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझरला सात दिवस जेवण, येण्याजाण्याची गाडी, सगळं मोफत. २००५ ची जननी सुरक्षा योजना आहे. तिच्यातून महाराष्ट्रात शहरी भागातल्या दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या बाईला दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी ६०० रुपये मिळतात. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून तपासणी होते. अंगणवाडीतून आहार आहे. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या चौथ्या कलमात प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपयांचा हक्क लिहिलेला आहे. त्याच्या पोटी २०१७ पासून मातृ वंदना योजना आली : पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये, आणि २०२२च्या नव्या रचनेत दुसरी मुलगी झाली तर ६,०००.

आमच्या बाईला पहिल्या खेपेचे ५,००० मिळालेच नाहीत. आधार कार्डावर माहेरचं नाव, दवाखान्याच्या कार्डावर सासरचं, आणि हे जुळवून आणेपर्यंत मुदत टळली. दुसऱ्या खेपेला पैसे मिळायचे तर मुलगी व्हायला हवी. मुलीचं स्वागत व्हावं हा त्यामागचा हेतू मला पटतो. पण रक्तक्षय झालेल्या बाईची भाकरी पोटातल्या बाळाच्या लिंगावर ठरावी, हे मला पटत नाही. कायद्यात ‘प्रत्येक’ असा शब्द आहे.

याउलट ती ज्या इमारतीत कामाला जाते, तिथल्या एका मालकीणबाईंना नोकरीतून २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली होती. १९६१चा मातृत्व लाभ कायदा २०१७ मध्ये सुधारला गेला तेव्हा ही रजा वाढली. तो कायदा दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांसाठी होता. तीन घरची भांडी घासणारीचं आस्थापन कोणतं? महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे, पण तिची तिथे नोंदणी नव्हती. नोंदणी करता येते हेही तिला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणजे वारीला जावं तसं एकेका खिडकीवर एकेक प्रसाद आहे. तपासणीचा पैसा तपासणीला मिळतो, इंजेक्शनचा इंजेक्शनला, बाळंतपणाचा बाळंतपणाला. एका खिडकीकडून दुसऱ्या खिडकीकडे बाईला नेणारं कोण, तिचे कागद सांभाळणारं कोण, ती का आली नाही हे विचारायला चौथा मजला चढणारं कोण, याचे पैसे जवळपास कुणीच देत नाही. गवंडी लोक सांगतात, भिंत गळत नाही, सांधा गळतो. आमच्या कामात तेच होतं.

सरकारला हे अगदीच कळलेलं नाही असंही नाही. जननी सुरक्षा योजनेत शहरी आशाताईला एका बाळंतपणामागे ४०० रुपये ठरवलेले आहेत : २०० तपासण्या करवून घेण्याचे, २०० दवाखान्यात बाळंतपण होण्यासाठी. सोबतीला किंमत असते हे त्यात मान्य केलं आहे. ती किंमत किती असावी, एवढाच माझा वाद आहे.

काकू

आमच्या कार्यकर्तीच्या पदाचं नाव आम्ही ‘सोबतीण’ ठेवलं. कंपाउंडमध्ये सगळे तिला काकू म्हणतात. वय ४७, दहावीपर्यंत शिकलेली, स्वतः तिथेच राहते. बीपी मोजायचं, वजन करायचं, धोक्याची लक्षणं ओळखायची, एवढं प्रशिक्षण तिला दिलं. महिना १६,००० रुपये. एका वेळी चाळीस बायका तिच्याकडे. म्हणजे एका बाईमागे महिन्याला ४०० रुपये, आणि ऑक्टोबर ते मार्च असे सहा महिने धरले तर २,४००.

तिने या एका बाईसाठी जे केलं त्याची यादी मी मुद्दाम देत नाही. यादी केली की ते काम हलकं दिसतं. एकच प्रसंग सांगते.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, चौतिसाव्या आठवड्यात, संध्याकाळी काकू वर गेल्या. त्या दिवशी भेटीचा दिवसही नव्हता. खाली पाणी भरताना तिची जाऊ काकूंना म्हणाली होती, की हिचं डोकं दुपारपासून ठणकतंय. बीपी १५०/१००. पाय सुजलेले. काकूंनी पाच मिनिटं बसवून पुन्हा मोजलं, तेवढंच. त्यांनी त्या जुन्या डिस्चार्ज कार्डचा फोटो उघडला, मला फोन केला आणि मग प्रसूतिगृहाला. तिथून सांगितलं, आधीचं सिझर आणि बीपी, आम्ही घेऊ शकत नाही. खोटं काही नाही त्यात, त्यांच्याकडे ती सोय नव्हती. पुढच्या ठिकाणी लहान बाळाच्या अतिदक्षता विभागात खाट नव्हती. काकूंनी तिथल्या सिस्टरना विनंती केली, की आम्हाला परत पाठवा पण आधी पुढे फोन करून विचारा. त्या सिस्टरनी केला. म्हणून तिसऱ्या ठिकाणी पोचलो तेव्हा दारात ‘कुणी पाठवलं’ हा प्रश्न आला नाही. रात्रीचे साडेदहा वाजले होते. नवरा नाक्यावरून आल्या कपड्यांत, सिमेंट अंगावर, मुलगा खांद्यावर झोपलेला.

तीन दारं, एक फोन. मुंबईत ही गोष्ट नवीन नाही. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९९९ मध्ये उभी केलेली ‘स्नेहा’ ही संस्था याच सांध्यावर महापालिकेबरोबर वर्षानुवर्षं काम करत आली : हेल्थ पोस्टपासून प्रसूतिगृह, तिथून उपनगरी रुग्णालय, तिथून वैद्यकीय महाविद्यालय, यांना एकमेकांशी बोलतं करायचं. ‘आरमान’ने गरोदर बायकांच्या मोबाइलवर आठवड्यागणिक आवाजी संदेश पाठवायला सुरुवात केली तीही मुंबईतूनच. मला वाटतं संदेश आणि सोबत दोन्ही लागतं. त्या रात्री फोनवर कितीही चांगला संदेश आला असता, तरी बीपी मोजायला हात लागलाच असता.

पाच दिवसांनी ती गोळ्या घेऊन घरी आली. एका नर्सिंग होमने नवऱ्याला मध्येच ५५ हजारांचा अंदाज दिला होता. तो व्याजाने पैसे काढायच्या बेतात होता. काकूंनी त्याला थांबवलं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, सदतिसाव्या आठवड्यात, सरकारी रुग्णालयातच सिझर झालं. मुलगी, २.४ किलो. रक्त चढवावं लागलं नाही.

चार महिन्यांचा पत्रव्यवहार

कंपनीचा पैसा सामाजिक उत्तरदायित्वातला. २०१३च्या कंपनी कायद्याच्या १३५व्या कलमाप्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करायची असते. आमच्याशी बोलणारी मंडळी भली होती, हे आधी सांगते. त्यांना मदत करायचीच होती. त्यांनी पहिल्या बैठकीत सोनोग्राफीचं फिरतं यंत्र देऊ केलं. आम्ही नको म्हटलं तेव्हा त्यांना नवल वाटलं. पण गर्भलिंग निदानविरोधी कायद्यात यंत्राची नोंद, जागेची नोंद, पात्र डॉक्टर, प्रत्येक तपासणीचा एफ फॉर्म हे सगळं लागतं, आणि हलवता येणारं यंत्र गल्लीत नेऊन वापरायला नियमांनी मनाई आहे. आमच्याकडे ना डॉक्टर, ना जागा. यंत्रावर नाव कोरता येतं, फीत कापता येते, म्हणून यंत्राचा पैसा लवकर सुटतो. काकूंवर नाव कुठे कोरणार?

काकूंचा पगार त्यांनी ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून धरला आणि सांगितलं, नियमाने पाच टक्क्यांच्या वर देता येत नाही. हा गैरसमज मी इतक्या ठिकाणी पाहिला आहे, की इथे नीट लिहून ठेवते, दुसऱ्या संस्थांना उपयोग होईल. पाच टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या, हे काम चालवण्याच्या सर्वसाधारण व्यवस्थापन खर्चावर. एखाद्या विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांचा थेट खर्च त्या व्याख्येतून नियमातच वगळलेला आहे. चौथा मजला चढून बीपी मोजणारी बाई ही अंमलबजावणी आहे. तीच जर अंमलबजावणी नसेल तर मग प्रकल्प तरी कोणता उरतो? हे आम्ही तीन पत्रांत लिहिलं, चौथ्या वेळी सोबत एका चार्टर्ड अकाउंटंटचं मत जोडलं. तेव्हा ते मान्य झालं.

परदेशी देणगीचा मार्ग आम्हाला बंदच आहे. २०२० मध्ये कायदा बदलल्यापासून परदेशी देणगी घेणाऱ्या मोठ्या संस्थेला ती रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. पूर्वी मोठ्या झाडाखाली छोटी रोपं तगायची, तसं आता नाही.

दुसरा वाद मोजमापाचा. त्यांना अहवालात ‘वाचवलेले जीव’ हवे होते. मी त्यांच्यापुढे साधा गुणाकार केला. २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्राचं मातामृत्यूचं प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होतं, देशाचं ९७. आमच्याकडे वर्षाला तीनशे बायका धरल्या, तर राज्याच्या दराने अपेक्षित मृत्यू ०.१. म्हणजे आम्ही हात बांधून बसलो असतो तरी बहुतेक वर्षी एकही मृत्यू झाला नसता, आणि आम्ही जिवाचं रान केलं तरी एखाद्या वर्षी एक होऊ शकतो. या आकड्यावर कुणाचं काम चांगलं की वाईट ठरवणं अन्याय आहे. त्याऐवजी मोजता येतं ते मोजा : नाव बारा आठवड्यांच्या आत घातलं का, हिमोग्लोबिन पहिल्या आणि शेवटच्या तपासणीत किती होतं, बाळंतपणात किती दारं फिरावी लागली, त्यातल्या किती ठिकाणी आधी फोन गेला होता, घरून किती पैसे गेले. शेवटचा आकडा आमच्या अहवालात आम्ही हट्टाने घातला.

कुणीतरी बैठकीत राजस्थानच्या ‘उत्कृष्ट’ बाँडचा दाखला दिला. गुंतवणूकदार आधी पैसे घालतो आणि ठरलेला परिणाम दिसला तर दुसरा कुणी ते परत करतो, अशी ती रचना. तिथे खासगी प्रसूतिगृहांची गुणवत्ता ठरलेल्या निकषांपर्यंत आणायची होती, आणि दवाखाना पात्र ठरला की नाही हे बाहेरून तपासता येतं. मला ती कल्पना नावडती नाही. पण तिच्यात दवाखान्याच्या आतलं मोजलं जातं, आणि आमची बाई अडकली होती ती दोन दवाखान्यांच्या मध्ये. शिवाय तीनशे बायकांच्या कामासाठी तपासनीस, करार, वकील उभे करायचे, तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

३१ मार्च

सगळ्यांत अवघड गाठ तारखेची निघाली. आमचा करार ऑगस्टमध्ये झाला, पहिला हप्ता सप्टेंबरमध्ये आला आणि प्रकल्प ३१ मार्चला संपला. आता मांडून पाहा. सप्टेंबरच्या मध्यावर एखादी बाई बारा आठवड्यांची असताना, म्हणजे अगदी आदर्श वेळी, आमच्याकडे आली तर तिचे दिवस ३० मार्चच्या आसपास भरतात. ती कळा देत असताना आमचा पैसा बंद होतो. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांची तपासणी मेमध्ये येते. म्हणजे जी बाई सगळं वेळेवर करते तीच करारात बसत नाही. आमची बाई उशिरा आली म्हणून तिचं बाळंतपण तरी त्यात बसलं.

यावर कायद्यात वाट आहे. कंपनी एखाद्या कामाला ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजुरी देऊ शकते आणि सुरू झालेलं वर्ष सोडून पुढची तीन आर्थिक वर्षं तो चालवू शकते. न खर्चलेली रक्कम त्यासाठी वेगळ्या खात्यात ठेवायची असते. जास्तीचं कागदी काम कंपनीला पडतं, म्हणून मंडळी एका वर्षाचा करार करणं पसंत करतात. माझं स्पष्ट मत आहे : गरोदरपणाच्या कामासाठी एका आर्थिक वर्षाचा करार कुणी करू नये आणि संस्थांनी तो स्वीकारू नये. आम्ही स्वीकारला, कारण दुसरा नव्हता.

तिच्या बाबतीत ३१ मार्चनंतर दोन गोष्टी उरल्या होत्या. गरोदरपणात बीपी वाढलेल्या बाईचं बीपी बाळंतपणानंतर बारा आठवड्यांनी पुन्हा पाहायचं असतं, कारण ते उतरलं नाही तर तो आता तिचा कायमचा आजार ठरू शकतो. ते मेच्या सुरुवातीला येत होतं. आणि मातृ वंदनेचे ६,००० रुपये मुलीच्या जन्माची नोंद आणि चौदा आठवड्यांपर्यंतच्या लसी पूर्ण झाल्यावर, म्हणजे मेच्या मध्यावर. आधार कार्डावरचं नाव काकूंनी डिसेंबरमध्येच बदलून घेतलं होतं, दोन फेऱ्या मारून.

काकूंचा करार संपला होता. त्या एप्रिलमध्ये शेजारच्या इमारतीत शिवणकामाला लागल्या. त्यांना घर चालवायचं आहे, मी त्यांना थांबा म्हणू शकत नव्हते.

मेच्या पहिल्या रविवारी त्या आणि मी दोघी वर गेलो. मुलगी पाळण्यात, तिला नाव ठेवून झालं होतं. आई उसाच्या फडावरून परत आली होती आणि मुंबईला येऊन राहिली होती, तिनेच चहा केला. तीन घरांतलं एक काम गेलं होतं, दोन उरली होती. काकूंनी बीपी मोजलं. १४४/९४. पुन्हा मोजलं, १४२/९२. ती म्हणाली, “काकू, आता तर बाळ झालं, आता कशाचं बीपी?” काकूंनी तिला समजावलं आणि संध्याकाळी उघड्या असणाऱ्या महापालिकेच्या ‘आपला दवाखाना’मध्ये दुसऱ्या दिवशी जायचं ठरवलं, कामावरून आल्यावर, खाडा न करता. मी रजिस्टरमध्ये नोंद केली. त्या पानावर वर छापलेलं आहे : प्रकल्प कालावधी ३१ मार्चपर्यंत. मी त्याच्याखाली नवी रेघ ओढून तारीख घातली.

मातृ वंदनेचा अर्ज लसी झाल्यावर तिसऱ्या दिवशी भरला. नव्या करारात सोबतिणीचा पगार बारा महिन्यांसाठी आणि अंमलबजावणीच्या शीर्षाखाली मागितला आहे. चालू प्रकल्पाच्या मंजुरीबद्दल कंपनीचं उत्तर यायचं आहे. तिचं बीपी दर पंधरा दिवसांनी रविवारी काकू मोजतात.